विश्लेषण : परिचारिकांची ‘नर्सिंग प्रोसेस’ फाइलमध्येच का अडकते?

रुग्णालयातून घरी सोडल्यावर पूर्ण फाइलची प्रत मागितली, तर तिच्यात परिचारिकांच्या नोंदींची काही पाने असतात. (ही प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते.) बहुतेक नातेवाईक ही पाने न वाचताच उलटतात. थांबून वाचली तर मात्र एक गोष्ट खटकते. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, तिन्ही वेळा मजकूर जवळपास सारखाच असतो : रुग्ण स्थिर, व्हायटल्स घेतले, औषधे आदेशानुसार दिली, विशेष तक्रार नाही. पाच दिवसांच्या मुक्कामात हेच पंधरा वेळा. प्रत्यक्षात त्याच पाच दिवसांत कुणीतरी त्या रुग्णाची सुजलेली सलाइनची शीर ओळखून सुई बदललेली असते, रात्री दोन वाजता त्याचा श्वास वाढलाय हे पाहून डॉक्टरांना फोन केलेला असतो, ‘शू लागली तरी सांगत नाही, पाणीच पीत नाही’ हे हेरून त्याच्या सुनेला बाजूला घेऊन समजावलेले असते. यातले काहीच कागदावर नसते.

कागदावर ते यावे, आणि मुख्य म्हणजे योगायोगाने न घडता ठरवून घडावे, यासाठी नर्सिंगमध्ये एक पद्धत आहे. तिचे नाव ‘नर्सिंग प्रोसेस’. जीएनएम असो वा बीएस्सी नर्सिंग, विद्यार्थिनींना ती सुरुवातीलाच शिकवली जाते आणि तिच्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. नोकरी लागली की ती बहुतेकींच्या हातून सुटते. हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. इराण, इथिओपिया, घाना अशा देशांत परिचारिकांच्या मुलाखती घेऊन झालेल्या अभ्यासांचा सूरही असाच आहे : पद्धत पटते, पण वॉर्डात जमत नाही. का जमत नाही?

नर्सिंग प्रोसेस म्हणजे नेमके काय?

पाच पायऱ्या आहेत. रुग्णाची पाहणी, समस्येचे निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. अशी यादी वाचून काहीच कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, ६८ वर्षांच्या एक बाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रियेची तारीख चार दिवसांनी आहे. डॉक्टरांचे निदान झाले : खुब्याचे फ्रॅक्चर. त्यावर उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, तोवर वेदनाशामक आणि रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन. ऑर्थो वॉर्डातल्या परिचारिकेने नर्सिंग प्रोसेसप्रमाणे काम करायचे ठरवले, तर तिला त्याच बाईंमध्ये वेगळ्या गोष्टी दिसायला हव्यात. चार दिवस पाठीवर पडून राहणार, अंगाने बारीक, म्हणजे माकडहाडाजवळ शय्याव्रण होण्याचा धोका. हलले की कळ येते म्हणून त्या हलतच नाहीत. बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून पाणी पीत नाहीत, त्यामुळे लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही वाट पाहत आहेत. घरी आजारी नवरा एकटा आहे, त्याच्या काळजीने रात्रभर डोळा लागत नाही.

ही झाली पाहणी आणि निदान. हे निदान आजाराचे नाही. आजाराला रुग्णाचे शरीर आणि मन कसा प्रतिसाद देते आहे, त्याचे आहे. आता नियोजन : दर दोन तासांनी उशांच्या आधाराने दाबाची जागा बदलायची, बाईंनी मागायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी बेडपॅन स्वतःहून द्यायचे, दिवसभरात किती पाणी गेले पाहिजे ते ठरवायचे, अंग पुसायच्या अर्धा तास आधी वेदनाशामकाची मात्रा पडेल अशी वेळ जुळवायची. मग ते करायचे. आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे की माकडहाडाजवळची त्वचा लाल झाली आहे का, बोटाने दाबल्यावर लाली जाते की तशीच राहते, लघवी किती झाली, झोप लागली का. लाली राहिली असेल तर योजना कमी पडली. दोन तासांचे अंतर कमी करा, एअर मॅट्रेस मागवा.

इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. हा क्लोज्ड लूप आहे. मोजा, फरक काढा, कृती करा, पुन्हा मोजा. एसीचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो. मूल्यमापनाची शेवटची पायरी काढून टाकली की लूप उघडा पडतो आणि उरते ती फक्त कामांची यादी. वॉर्डांत सगळ्यात आधी गळते ती नेमकी हीच पायरी.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतून. १९५५ मध्ये लिडिया हॉल यांनी नर्सिंगला ‘प्रोसेस’ म्हटले. १९६१ मध्ये आयडा जीन ऑरलँडो यांचे परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावरचे पुस्तक आले आणि विचाराने मूळ धरले. १९६७ मध्ये हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी चार पायऱ्यांची मांडणी केली. १९७३ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या मानकांत निदान ही स्वतंत्र पायरी धरली गेली. त्याच वर्षी नर्सिंग निदानांचे वर्गीकरण करण्यासाठी सेंट लुईस येथे पहिली परिषद भरली. आज जगभर वापरली जाणारी ‘नांदा’ची यादी त्यातूनच पुढे उभी राहिली. (नांदेडशी तिचा संबंध नाही, उत्तर अमेरिकी संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ते रूप आहे.)

या सनावळीपेक्षा त्यामागचा आग्रह महत्त्वाचा. डॉक्टरांचा आदेश पाळणारी कुशल मदतनीस एवढीच परिचारिकेची ओळख नको, तिच्या कामाला स्वतःचा विचार आहे, तो दाखवता आणि तपासता आला पाहिजे, असा तो आग्रह होता. त्यामुळे ही पद्धत केवळ फॉर्म भरण्याची नाही. ती व्यावसायिक दर्जाची मागणीही आहे, आणि तिला होणारा विरोधही अनेकदा तिथूनच येतो.

मग वॉर्डात काय होते?

पहिली अडचण कामाच्या वाटपात आहे. तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. नर्सिंग प्रोसेस गृहीत धरते की एका परिचारिकेकडे ठरावीक रुग्ण आहेत आणि त्यांचे सगळे ती पाहते. आपल्या गर्दीच्या सरकारी वॉर्डांत वाटणी बहुधा रुग्णांची नसते, कामांची असते. एकीने सगळ्यांची इंजेक्शने द्यायची, दुसरीने सगळ्यांचे बीपी आणि ताप लिहायचा, तिसरीने ड्रेसिंग आणि इंडेंट बघायचे. कमी हातांत जास्त खाटा उरकायच्या असतील तर हा मार्ग वेगवान आहे, कारखान्यातल्या असेंब्ली लाइनसारखा. पण त्यात खुबा मोडलेल्या त्या बाई कुणाच्याच नसतात. इंजेक्शनवालीने शीर पाहिली, बीपीवालीने आकडा लिहिला, ड्रेसिंगवालीचा तर संबंधच आला नाही. बाई पाणी पीत नाहीत हे तिघींपैकी कुणाच्या लक्षात यावे?

दुसरी अडचण नर्सिंगबाहेरच्या कामांची. रक्तपेढीचा पाठपुरावा, संपलेल्या औषधांची मागणी, चादरींचा हिशेब, तपासणीचे रिपोर्ट शोधणे, मावशी आणि कक्षसेवक यांच्या ड्यूट्या जुळवणे, नातेवाइकांचे वाद मिटवणे. इन्चार्ज सिस्टर, म्हणजे सरकारी भाषेतल्या परिसेविका, यांचा दिवस तर बराचसा रजिस्टरांतच जातो. अनुभवाने ज्यांची नजर सर्वांत तयार झालेली असते, त्याच रुग्णाच्या खाटेपासून सर्वांत लांब असतात.

तिसरी गोष्ट नातेवाइकांची. भारतीय वॉर्डात भरवणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, लघवीची पिशवी भरली की सांगणे, ही कामे घरचे माणूस करते. म्हणजे अंमलबजावणीची पायरी अनधिकृतपणे नातेवाइकांकडे गेलेली असते, पण त्यांना कुणी योजना सांगितलेली नसते. दोन तासांनी कूस बदलायची हे सांगितले तर घरचे करतात. का आणि कशी ते नीट दाखवले तर चांगले करतात. मोडलेल्या खुब्याच्या बाईंना उत्साहाने भलत्या बाजूला वळवले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. ज्या रुग्णाजवळ घरचे कुणी नाही, त्याचे हाल हा तर स्वतंत्र विषय आहे.

या सगळ्यात केअर प्लॅन लिहिला जातो तो पाळी संपताना. आधी काम, मग आठवून योजना. खासगी रुग्णालयांत, विशेषतः क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या ‘एनएबीएच’ मानांकनाच्या तपासणीआधी, फायली एका बैठकीत पूर्ण होतात. या मानकांत रुग्ण दाखल झाल्यावर ठरलेल्या वेळेत पाहणी आणि शुश्रूषेची लेखी नोंद अपेक्षित आहे आणि ही अपेक्षा रास्तच आहे. पण छापील चौकटीत बरोबरच्या खुणा करून ती कागदावर पुरी करता येते. पडण्याचा धोका असल्याची खूण केलेली, आणि खाटेचा कठडा खालीच.

नव्याने रुजू झालेल्या मुलींना हा धक्का जास्त बसतो. विद्यार्थिदशेत एका रुग्णावर पानेच्या पाने केअर प्लॅन लिहिलेला असतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळते की असा वेळ कुणालाच नाही, आणि लिहीत बसले तर सीनियर हसतात. अमेरिकेत मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये याच अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ हे नाव दिले. पन्नास वर्षे झाली, नाव अजून चपखल आहे.

मिनिटांचा हिशेब काय सांगतो?

साधे गणित करू. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. सुरुवातीला आधीच्या पाळीकडून ‘ओव्हर’ घेणे आणि शेवटी देणे, दोन्ही मिळून एक तास धरा. उरली ४२० मिनिटे. जेवण, चहा, स्वच्छतागृह यांसाठी शून्य मिनिटे धरू.

एका परिचारिकेकडे ३० रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १४ मिनिटे येतात. नाडी, ताप, रक्तदाब आणि श्वासगती नीट मोजून लिहायला पाच मिनिटे लागतात. पाळीत दोनदा मोजले तर दहा गेली. उरलेल्या चार मिनिटांत त्या रुग्णाची सगळी औषधे, सलाइन, ड्रेसिंग, डॉक्टरांचा राउंड आणि नातेवाइकांचे प्रश्न. केअर प्लॅन लिहायला प्रत्येकी दहा मिनिटे लागतात असे धरले, तर ३० रुग्णांसाठी पाच तास लागतील. यात नवा रुग्ण दाखल होणे किंवा कुणी अत्यवस्थ होणे धरलेले नाही. रात्रपाळीत तर हा आकडाही अनेक ठिकाणी सुखाचा वाटेल.

या घाईची पहिली शिकार म्हणजे श्वासगती. ती मोजायला घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट उभे राहावे लागते, म्हणून जगभरच्या वॉर्डांत चार्टवर सगळ्यांची श्वासगती १८ नाहीतर २० दिसते. आणि रुग्ण खालावतो आहे याची सर्वांत आधी चाहूल देणाऱ्या खुणांपैकी ती एक आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने बनवलेल्या ‘न्यूज-२’ या धोकामापन पद्धतीत मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर त्या एकाच आकड्यावर तीन गुण मिळतात, आणि एखाद्या एका निकषावर तीन गुण आले तरी तातडीने तपासणी अपेक्षित असते. चार्टवर २० लिहिले की शून्य गुण.

वेळ नसताना काय सुटते, याची यादीही झालेली आहे. अमेरिकी संशोधक बिअ‍ॅट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये परिचारिकांशी बोलून नित्य राहून जाणाऱ्या नऊ गोष्टी नोंदवल्या. रुग्णाला चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, माहिती देणे, डिस्चार्जची तयारी, मानसिक आधार, अंगाची स्वच्छता, पाणी आणि लघवीच्या नोंदी आणि लक्ष ठेवणे. यादी पुन्हा वाचा. इंजेक्शन आणि गोळ्या तिच्यात नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेले पार पडते, नर्सिंगचे स्वतःचे म्हणावे असे जे आहे ते राहते.

१:३ चे प्रमाण ठरलेले असताना ही वेळ का?

इथे एककाचा घोळ आहे आणि बातम्यांत तो सतत होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवणी रुग्णालयांसाठी तीन खाटांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांसाठी पाच खाटांमागे एक परिचारिका सांगितली आहे, रजेसाठी राखीव ३० टक्के वेगळ्या. वाचणाऱ्याला वाटते की वॉर्डात कधीही गेलो तरी तीन रुग्णांमागे एक सिस्टर दिसायला हवी. पण हा आकडा एकूण पदांचा आहे. दिवसाच्या तीन पाळ्या केल्या की १:३ चे प्रत्येक पाळीला १:९ होते आणि १:५ चे १:१५. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी सर्वसाधारण रुग्णालयात वरच्या हिशेबाने एका रुग्णाला एका पाळीत २८ मिनिटे मिळतात. अतिदक्षता विभागाचे १:१ मात्र प्रत्येक पाळीचे आहे.

परदेशातले आकडे बहुधा पाळीचेच असतात. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून लागू केला. तिथे सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे एका वेळी पाचपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१६ मध्ये दिवसा चार आणि रात्री सात ही सरासरी मर्यादा घातली. त्याचे परिणाम तपासणारा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वाढीव परिचारिकांवर झालेल्या खर्चापेक्षा कमी झालेल्या मुक्कामामुळे आणि टळलेल्या पुनर्भरतीमुळे वाचलेला पैसा जास्त होता, असे त्यात आढळले.

मृत्यूंशी संबंध दाखवणारा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास लिंडा एकन यांचा, २००२ चा. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की परिचारिकेकडे असलेल्या रुग्णांत प्रत्येक एकाची भर पडली की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही प्रमाण तेवढेच आले. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यातून थेट कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि चार-आठ रुग्णांच्या पट्ट्यातले निष्कर्ष ३० रुग्णांच्या वॉर्डापर्यंत सरळ रेषेत ओढता येणार नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बालके होती. तेव्हा औषधांचा तुटवडा, क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण आणि रिक्त पदे या तिन्हींवर चर्चा झाली. औषधांची चर्चा सर्वांत मोठी झाली आणि पदांची सर्वांत लवकर विरली.

‘ठसठस’ आणि ‘कळ’ यांचे ‘पेन’ का होते?

पाहणीच्या पायरीत भाषेचा एक पेच आहे. परिचारिकांचे शिक्षण इंग्रजीतून, नोंदी इंग्रजीत, रुग्ण मराठीत बोलतो. तीही प्रत्येकाची निराळी. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा : गळवात ठसठस, पोटात कळ किंवा मुरडा, दातात ठणका, पाठीत चमक किंवा उसण, छातीत आग, काटा मोडल्यासारखे सलणे. यातला प्रत्येक शब्द दुखण्याची जात सांगतो. मुरडा आतड्याकडे बोट दाखवतो, ठसठस पू धरल्याकडे. चार्टवर या सगळ्यांचे एकच होते : रुग्णाला पेन आहे. फार तर दहापैकी सहा. हा दहापैकी आकडा सांगणेही अनेक वयस्क रुग्णांना जमत नाही. ‘लई दुखतंय’ याला किती गुण द्यायचे?

‘जीव घाबरा होतोय’ हे तर खास. ती चिंता असू शकते, साखर उतरलेली असू शकते, प्राणवायू कमी पडत असेल किंवा हृदयविकाराचा झटका असेल. अनुभवी सिस्टर हे ऐकताच काही न बोलता आधी बोटाला ऑक्सिमीटर लावते आणि ग्लुकोमीटर आणायला सांगते. निदान, नियोजन, अंमलबजावणी, सगळे वीस सेकंदांत झालेले असते. नोंदीत मात्र येते ‘रुग्ण अस्वस्थ होता’. नर्सिंग प्रोसेस वापरली जात नाही असे म्हणणाऱ्यांनी हा क्षण लक्षात घेतला पाहिजे. ती डोक्यात वापरली जाते. अडचण अशी की पाळी बदलली की ते डोके घरी जाते, आणि पुढच्या सिस्टरच्या हाती फक्त ‘अस्वस्थ’ हा शब्द राहतो.

आपल्याकडे ही पद्धत पूर्ण चालल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली ४१ वर्षांहून अधिक काळ त्या अंथरुणावर होत्या आणि केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक तुकड्यांनी त्यांना सांभाळले. इच्छामरणाच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेतली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिले गेले नाही, ही बाब तेव्हा सर्वांसमोर आली.

याकडे सहसा माया आणि त्याग या शब्दांत पाहिले जाते. ते होतेच. पण दबलेल्या कातडीला माया कळत नाही. तिला ठरलेल्या वेळी बदललेली कूस, कोरडी चादर, पोटात गेलेले अन्न आणि रोज पाठ तपासणारी नजर लागते, आणि ते पाळी बदलली तरी, सुट्टी असली तरी, पिढी बदलली तरी चालू राहावे लागते. त्यागाची भाषा करताना हे कौशल्य झाकले जाते. शय्याव्रणाचा धोका मोजायला १९८७ पासून ब्रेडन मापनपट्टी वापरात आहे. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा निकषांवर गुण देऊन ती धोका सांगते. मिनिटभराचे काम आहे. पुढची दोन-दोन तासांची पाळत मिनिटभराची नसते.

‘लिहिले नाही म्हणजे केले नाही’ याची भीती कितपत खरी?

बरीच खरी. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून रुग्णाची फाइल हा पुरावा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले, तेव्हा काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. इमारतीतल्या यंत्रणांची जबाबदारी कुणाची, असा प्रश्न परिचारिका संघटनांनी तेव्हा विचारला होता.

अशा वातावरणात नोंद लिहिण्याचा हेतूच बदलतो. पुढच्या पाळीला कळावे म्हणून लिहिण्याऐवजी उद्या चौकशी झाली तर सुटता यावे म्हणून लिहिले जाते. ‘डॉक्टरांना कळवले’ हे वाक्य फायलींत इतक्यांदा का येते, याचे उत्तर इथे आहे. त्याच कारणाने मूल्यमापनाची पायरी लिहायला कुणी धजावत नाही. ‘योजना कमी पडली, लाली वाढली’ असे प्रामाणिकपणे लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे, असे वाटले तर दोष त्या सिस्टरचा कसा म्हणायचा?

शिवाय निदान या शब्दावरच काही डॉक्टरांचा आक्षेप असतो. परिचारिकेने पाहणीत काही मांडले तर राउंडला ते वाचले जाते का, हा प्रश्न परिचारिकांच्या अनुभवांत वारंवार येतो. आपण लिहिलेले कुणी वाचत नाही हे एकदा कळले की माणूस लिहिणे थांबवते. इथे परिचारिका आणि ऑफिसात एक्सेल शीट भरणारे आपण, फारसा फरक नाही.

सॉफ्टवेअरने प्रश्न सुटेल का?

थोडा. संगणकावर ब्रेडनचे गुण आपोआप बेरीज होऊन धोक्याची सूचना देऊ शकतात, दोन तास झाले की टॅबवर गजर वाजू शकतो. पण आपल्याकडे अनेक ठिकाणी संगणक आला तरी रजिस्टर गेले नाही. एकच नोंद दोनदा करावी लागते. आणि कॉपी-पेस्टची सोय झाली की ‘रुग्ण स्थिर’ पंधरा वेळा हाताने लिहायचेही कष्ट उरत नाहीत. जिथे इलेक्ट्रॉनिक नोंदी जुन्या आहेत त्या देशांतही परिचारिकांची तक्रार आहे की रुग्णापेक्षा पडद्याकडे जास्त पाहावे लागते. माझ्या मते यंत्राआधी दोन स्वस्त गोष्टी करण्यासारख्या आहेत. ‘ओव्हर’ टेबलावर रजिस्टर उघडून देण्याऐवजी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून द्यायचे, आणि प्रत्येक रुग्णाची पानभर योजना मागण्याऐवजी या पाळीत लक्ष ठेवायची एकच समस्या आणि तिचे काय झाले, अशा दोन ओळी मागायच्या. ३० रुग्णांच्या साठ ओळी कठीण आहेत, पण अशक्य नाहीत. निदान सर्वांत गंभीर दहांच्या तरी.

पुढे काय?

महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये संपावर गेल्या. दोन्ही वेळा कायम पदांऐवजी कंत्राटी किंवा बाह्यस्रोतातून भरती करण्याला विरोध हा कळीचा मुद्दा होता. पगारवाढीच्या बातमीत तो हरवतो, पण शुश्रूषेच्या दर्जाशी त्याचा थेट संबंध आहे. वॉर्डाची सवय झालेली, डॉक्टरांशी विश्वासाने बोलू शकणारी परिचारिका घडायला काही वर्षे लागतात. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलले तर ती घडत नाही. खासगीत गळती पगारामुळे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार रुपये द्यावेत. लहान शहरांतल्या नर्सिंग होममध्ये हा आकडा सांगून पाहावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. श्रीमंत देश ती आपल्यासारख्या देशांतून भरून काढतात. म्हणजे इथे प्रशिक्षित झालेली आणि अनुभवाने तयार झालेली परिचारिका जर्मनी, ब्रिटन किंवा आखातात जाते, जिथे तिला शिकल्याप्रमाणे काम करायला निदान वेळ मिळेल अशी तिची अपेक्षा असते.

कायद्याच्या पातळीवर १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बाजूला करून संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा मंजूर केला. शिक्षणाचा दर्जा, संस्थांचे मूल्यांकन, नोंदणी आणि आचारसंहिता हे या आयोगाचे काम. अभ्यासक्रमात नर्सिंग प्रोसेस आणखी चांगली कशी शिकवावी, हे तो ठरवू शकतो. एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण, याची कॅलिफोर्नियासारखी सक्ती मात्र या कायद्यात नाही. रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे वॉर्डातली पदे मंजूर करणे आणि भरणे हा निर्णय मुंबईत, मंत्रालयात होतो.